चौथा फर्मा

खेतवाडी, आठवी गल्ली.
पाटीवर एवढंच: धाकू मेस्त्री, बांधणी.
काय बांधतात ते लिहायला जागा उरली नव्हती.

मैद्याची खळ, तिच्यात मोरचूद, कसर लागू नये म्हणून.
बाबांच्या नखांना कायम निळसर कड.

कस्टममधले गुप्ते दिवसा पेट्यांवर शिक्के मारत,
रात्री युरोपातली मोठी माणसं मराठीत आणत.
पदरचे पैसे घालून. प्रत्येकाच्या पाचशे प्रती.
टॅक्सीतून गठ्ठे काढताना म्हणायचे,
सावकाश हं मेस्त्री, सावकाश,
जसं काही आतले लोक बोटीतून नुकतेच उतरलेत
आणि धक्का अजून हलतोय त्यांच्या पायाखाली.

घड्या मी घालायची.
सोळा पानं म्हणजे एक फर्मा.
हाडाच्या पट्टीने घडी दाबायची,
दाबता दाबता वाचायची.
म्हणून मला कुणाचंच आयुष्य सलग माहीत नाही.
एक जण सोमवारी वारला
आणि बुधवारी शाळेत जायला लागला.
एक सावकाराला चुकवून मागच्या जिन्याने उतरत होता,
तो जिन्यातच राहिला,
मध्ये गणपतीची पावतीपुस्तकं आली.
एकीने पुरुषाचं नाव लावून लिहिलं होतं.
त्या रात्री बाबांच्या उधारीच्या वहीत
मी 'धाकू' अशी सही करून पाहिली.
बरी आली.

बाबा वाचत नसत.
म्हणायचे, आतलं त्याचं, पाठ माझी.

आणि एक होता, कुठल्या देशाचा तेही विसरले,
त्याचा एकच प्रश्न:
ज्याला आपण कधी बघणार नाही
त्याचं आपण काय देणं लागतो?
पहिल्या फर्म्यात आईचं देणं.
दुसऱ्यात वाण्याचं.
तिसऱ्यात मेलेल्यांचं, आणि अगदी शेवटी, तळाला,
'म्हणून आता'
पान संपलं.

चौथा फर्मा छापखान्यातून आला तो फरफटलेल्या शाईचा,
पाचशेच्या पाचशे रद्द.
पुन्हा छापू, गुप्ते म्हणाले,
आणि दिवाळीच्या आत गेले, बसल्या खुर्चीत.
मी शाळेतून येईपर्यंत
बाबांनी चौथ्याच्या पट्ट्या केल्या होत्या.
चांगला कागद आहे, म्हणाले, पाठीला धरतो.
मी दोन दिवस जेवले नाही.
त्यांना वाटलं, ताप आहे.

त्या पट्ट्या गेल्या वखारीच्या खातेवह्यांत,
प्रसूतिगृहाच्या रजिस्टरांत, चाळीच्या भाडेपुस्तकांत,
कापडाआड, खळीखाली, कण्यासारख्या.
कितीतरी वर्षं या शहराने हिशेब मांडले
त्या माणसाला टेकून,
आणि एकाही मुनीमाला पाठीत काही बोचलं नाही.

मी पुढे वॉर्ड ऑफिसात लागले. मृत्यूनोंदणी.
निवृत्तीला चार महिने उरलेत.
परवा एक बाई आल्या, सासऱ्यांचा जुना दाखला हवा.
रजिस्टर काढलं, उघडलं,
आणि त्याची पाठ हातात आली.

निळसर खळ. दोन बोटं रुंद पट्टी.
आडवी नाही, उभी कापलेली,
म्हणजे प्रत्येक ओळीचा फक्त मधला घास:
'ला न बघताही'
'तेवढं उरतं की'
'चं नाव तरी नीट लि'

लि.
लिहावं? लिहिलं असतं तर?
की लिलाव, की लिंबू, मला काय ठाऊक.
पन्नास वर्षं थांबले आणि एवढंच.
बाबांच्या कातणीला धार फार होती.

बाई म्हणाल्या, सापडलं का?
म्हटलं, नाव परत सांगा.
झिंगू पाग्या वैती, म्हणाल्या.
नोंदीत झिंगूचा झगू झाला होता.
मी दुरुस्तीचा अर्ज काढला, त्यांना बसवलं,
एकेक अक्षर विचारून घेतलं.
मागे रांग कुरकुरत होती.

संध्याकाळी कंत्राटाचा बांधणीवाला पोरगा आला,
खांद्यावर फेविकॉलचा डबा.
ही जुनी घाण खरवडून काढतो, म्हणाला.
म्हटलं, राहू दे.
नवीन काय घालायचं ते वरून घाल.